रश्मीची वॉर्निंग

परवा आमच्या रश्मीनं काय केलं, ऐका. ही माझी धाकटी बहीण हौसेनं एका ऑपरेटिंग सिस्टीमच्या कोडमधल्या वॉर्निंग काढत बसते. या वेळी कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरची कुरकूर होती की कीबोर्डकडून वाचलेला एक आकडा पुढं कुठंच वापरलेला नाही. रश्मीनं ती ओळच उडवली आणि आपला पहिलावहिला बदल पाठवून दिला.

कोड तपासणाऱ्या पोलंडच्या बाईंनी विचारलं, "चालवून पाहिलंत?"

रश्मीनं तेव्हा कुठं चालवून पाहिलं. पासवर्डचं पहिलं अक्षर उमटलं आणि कीबोर्ड ठप्प! आधीचं वाचल्याशिवाय तो पुढचं अक्षर देतच नाही म्हणे.

"अय्यो अण्णा, तुझा फोन दे!" माझ्या फोनवरून तिनं रडवेली होऊन चूक कळवली.

बाईंचं उत्तर आलं, "मीही एकदा हेच केलं होतं. ओळ परत घाला आणि तिच्या वर पुढच्यांसाठी सूचना लिहा."

रश्मीनं लिहिलेली सूचना मंजूर झाली. आईनं लगेच नजरबादच्या मावशीला फोन लावला. "आमच्या रश्मीनं लिहिलेलं आता जगभरच्या कॉम्प्युटरवाल्यांनी वाचायचं!"

"हौदा? खरंच? काय लिहिलंय गं?"

आई अभिमानानं म्हणाली, "इथं हात लावू नका."