माह्या लग्नाचे पोहे

हसू नका, मले अजून राग येऊन राह्यला! परवा रिठदच्या मंदिरात सगळ्यांनी आपापली खरी गोष्ट सांगायची, असं ठरलं. माह्या आधी माहा दोस्त गजानन उभा राह्यला. म्हणे, "मी मेडशीले पोरगी पाह्यले गेलो, चुकून दुसऱ्याच घरात घुसलो, पोहे खाल्ले अन् तिथलीच पोरगी पसंत करून लग्न केलं!"

अरे, घर मी चुकलो होतो! हा नुसता माह्या संगं होता! अन् ज्या पोरीनं पोहे देल्ले, ती माही बायको, समोर बसून टाळ्या वाजवत होती!

घरी आल्यावर म्हटलं, "काहून वं, टाळ्या कायच्या?"

म्हणे, "तुमी सांगता तं पोहे येईस्तोवर लोक उठून जातात. त्यानं लग्न तरी लावलं."