धाकट्याचे डोळे

आत्या: गरुडाचं खोकं घेऊन थेट माझ्या भट्टीपाशी! जेवलीस तरी का?

भाची: नंतर जेवते. आत्या, आमच्या संग्रहालयातला हा पेंढा भरलेला गरुड ओळखलास?

आत्या: न ओळखायला काय झालं? चाळीस वर्षांपूर्वी याचे काचेचे डोळे मीच केले. याचे आणि त्या थोरल्या गरुडाचे, एकाच दिवशी.

भाची: थोरला मोठ्या बेटावरचा, हा शेजारच्या छोट्या बेटावरचा. तेव्हा म्हणायचे जात एकच, हा फक्त अंगाने लहान. आता ठरलंय, जाती दोन. उद्यापासून दोघं एकाच कपाटात, शेजारी शेजारी.

आत्या: मला तर तेव्हाच वाटलं होतं! थोरल्याचे पंख केवढे, पसरले तर ही खोली पुरायची नाही. उघड्या कड्यांवरचा राजाच तो. आणि हा बघ. आखूड पंख, लांब शेपूट. दाट झाडीत गर्रकन वळायला. काय देखणा आहे गं मेला!

भाची: डोळे मात्र दोघांचे पिवळेच.

आत्या: मागणीच तशी होती. दोन जोड, पिवळे.

भाची: याला ज्याने बेटावरून आणलं त्याची वही सापडली. त्यात लिहिलंय, डोळे मधासारखे, तांबूस.

आत्या: म्हणजे मी चुकीचे बसवले.

भाची: तुला कसं कळणार? कातडं वाळल्यावर डोळ्याचा रंग कुठे राहतो?

आत्या: विचारायला तोंड होतं ना मला? लाज वाटते गं. तू तयार प्लास्टिकचे मागव. माझा हात बघ, चमचासुद्धा धड धरवत नाही.

भाची: संग्रहालयाचे साहेबही तेच म्हणाले, प्लास्टिकचे मागवा. मी म्हटलं, मुळीच नाही. थोरल्यासमोरून जाताना मी आजही बिचकते, तुझ्या काचेच्या डोळ्यांनी इतका रोखून बघतो तो. काचेची कांडी मी धरते. तू फक्त सांग.

आत्या: हट्टी बापाची हट्टी लेक. लाव ज्योत. कांडी फिरवत राहा, थांबलीस की थेंब ओघळलाच. अजून थोडी तांबूस काच घे. अजून... बस्स!

(राखेत निवलेला डोळा गरुडाच्या उजव्या खोबणीत बसवून झाल्यावर)

भाची: आत्या, जरा इकडून बघ.

आत्या: अगं बाई! डावीकडून अजून थोरलाच, आणि उजवीकडून हा स्वतः. झाडीच्या सावलीतून बघतोय नुसता.

भाची: रडतेस?

आत्या: रडू नको तर काय करू? चाळीस वर्षं दुसऱ्याचे डोळे लावून बसवला मी याला.

भाची: चल, आता डावा. रंग सांग.

आत्या: मी कशाला सांगू? तो समोर आहे ना. त्याच्याकडे बघ आणि कर.