करिमा माझ्याकडं बघत नाही

सन्माननीय अध्यक्ष आबासाहेब, व्यासपीठावरचे मान्यवर, ज्यांना निरोप द्यायला मन धजत नाही त्या आपल्या विशेष मुलांच्या शाळेच्या सोनम मॅडम, आणि लेकरांना मांडीवर सावरत बसलेल्या आयाबापांनो, सगळ्यांना माझा सलाम आणि नमस्कार.

मी अनिसा, जळोचीतली बांगडीवाली, करिमाची आई. आबासाहेबांनी आत्ता मला आदर्श माता म्हटलं. आबा, तेवढं मागं घ्या.

करिमा दीड वर्षाची असताना दुकानात बसून "अम्मी, लाल" म्हणत बांगड्या दाखवायची. मग बोलणं गेलं. हातात काही धरेना, दिवसभर नुसते हात एकमेकांवर चोळायची. सासूबाई म्हणाल्या, "पोटुशी असताना गिऱ्हानात भायेर फिरलीस, म्या सांगत हुते." मलाही तेच खरं वाटायचं.

मॅडमनी समजावलं. पेशीच्या केंद्रकात एक प्रथिन असतं. आज आपले सूत्रसंचालक सांगतायत ना, कुणी बोलायचं, कुणी थांबायचं? तसं ते जनुकांना सांगतं. करिमाचं ते प्रथिनच बिघडलेलं, म्हणून मेंदूची वाढ अडखळली. "यात तुमचं काय चुकलं, ताई?" मी ढसाढसा रडले हो! नजरेनं बोलायलाही तिला मॅडमनीच शिकवलं. पाणी हवं तर तांब्याकडं बघायचं, अम्मी हवी तर माझ्याकडं.

आता सांगते ते मॅडमनाही ठाऊक नाही. मला पुन्हा दिवस गेलेत. गेल्या महिन्यात डॉक्टरांकडं गेलो, करिमा मांडीवर. पुन्हा असं होण्याची शक्यता अगदी कमी, असं ते म्हणाले. तरी माझी जीभ वळवळली, "पण हिच्यासारखंच निघालं तर? आणखी एक असं नको हो मला."

करिमाचे अब्बू दचकले. "अगं, तिला कळतंय ना!"

व्हय, कळतंय. सगळं कळतंय तिला. मी खाली बघितलं तर ती माझ्याकडंच बघत होती. मग तिनं मान फिरवली.

तेव्हापासून बघत नाही. घास मी भरवते, डोळे अब्बूंकडं. ग्रहणाचं खोटं निघालं तेव्हा मी सुटले होते. हे मात्र माझ्याच तोंडचं हाय, प्रथिनावर ढकलता येत न्हाय.

मॅडम, तुम्ही एवढं शिकवलंत, पण लेकराची माफी कशी मागायची ते राहिलंच बघा. म्हणून चारचौघांत मागते. करिमा, अम्मीचं चुकलं गं. तू नको होतीस, असं कधीच नव्हतं. बघतेस का इकडं?

...तुमच्याकडं बघतेय ती, मॅडम. बघू दे. तुम्ही उद्या निघाल, मी हितंच हाय.

संयोजकांचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर तुम्ही सगळ्यांनी पोटात घाला. तिला मात्र कुणी घाई करू नका.