आवाज सोडून बाकी सगळं

तसं नाय ताई, लॅपटॉप बिघडवा असं कुठं म्हणलो मी? बिघडवू नका. नवी सिस्टम टाका, चकाचक करा, वाय-फायचा ड्रायव्हर टाका, प्रिंटरचा टाका, कॅमेऱ्याचा टाका — फक्त तेवढा आवाजाचा राहू द्या. राहून गेला म्हणायचं. ‘काकू, मशिन जुनं हाय, ह्याला आवाजाचा ड्रायव्हर मिळत नाय आता’ — एवढं एकच वाक्य तुम्ही आमच्या मंडळीला फोनवर सांगायचं. मी सांगितलं तर तिला पटणार नाय, दुकानदारानं सांगितलं की लगेच पटतं. महेशभाऊ नायत का आज? लग्नाला? कुठं, मनमाडला? अरेरे. त्यांना पटलं असतं माझं. म्हणजे काय, बाप्याचं बाप्याला कळतं, दुसरं काही नाय. तुम्हाला कामातलं कळत नाय असं नाय म्हणत मी — रिपेरिंग सगळं तुम्ही करता अन्‌ महेशभाऊ नुसते गल्ल्यावर बसतात, हे अख्ख्या सिडकोला माहीत हाय. करा तुम्ही, चालू द्या. मी बसतो ह्या स्टुलावर. मला काय घाई नाय, रिटायर माणूस.

लॅपटॉप तसा सूनबाईचा, हर्षालीचा. तिला ऑफिसातून नवा मिळाला, तर हा आला सासूकडं. झाकण एका बाजूनं ढिलं, चालू करून माणसानं दळण आणून यावं तरी ते गोल गोल फिरतंच. पण आमची वत्सला — तिला दागिना दिला असता तरी एवढी जपली नसती. वरून रुमाल झाकती. आणि ह्याच्यावर करती काय? हिशेब? भाजीचे व्हिडिओ? नाय. गाणं शिकती. गाणं! साठी उलटल्यावर! कुठली तरी मास्तरीणबाई हाय ऑनलाइन, ती ह्याच्यातून सा म्हणती, ही स्वयंपाकघरातून सा म्हणती. रोज पहाटे. नुसता सा, ताई. मी गोधडीत पडून वाट बघतो, आता तरी पुढचा ‘रे’ येईल — येत नाय. ती मास्तरीण म्हणती, ‘छान, पुन्हा एकदा.’ कशाला पुन्हा? छान हाय म्हणली ना? मग सोड की!

तुम्ही हसा. तुमचं बरोबर हाय, तुम्ही तिच्या बाजूच्या. पण माझं ऐका. मी काय गाण्याचा वैरी नाय. उलट मी स्वतः — तुम्ही येत नाय वाटतं मारुतीच्या देवळात शनिवारी? आमचं भजनी मंडळ. पेटी माझी, पहिला अभंग माझा. आजचं नाय हे. सिन्नरच्या कंपनीत होतो ना, तेव्हा पाळीला जाताना गाडीत मी म्हणायचो, सगळी गाडी डोळे मिटून बसायची. झोपायची नाय हो, तल्लीन व्हायची. रात्रपाळीवाले झोपत असतील एखादवेळी. तर मुद्दा काय — एका घरात एक गाणारा असला की बास. दोघं गायला लागले तर चहा कोण करणार? एवढी वर्षं मंडळाचा चहा हिनंच केला, आलं घालून. आता मागच्या शनिवारी आमचा तबलेवाला काय म्हणतो माहितीये? म्हणतो, ‘सहादूअण्णा, चहा आपण मागवू बाहेरून, वहिनींना बसू द्या इकडं पुढं.’ माझ्या तोंडावर!

कसं चाललंय तिकडं? पुसलं सगळं? पण तिच्या फायली काढून ठेवल्या ना आधी? हां, त्या ठेवा परत जिथल्या तिथं. आपल्याला कुणाचं नुकसान नाय करायचं. आवाज फक्त. ही आयडिया मला शेजारच्या अमोलमुळं सुचली बघा. त्यानं घरच्या घरी नवी सिस्टम टाकली आणि लॅपटॉप मुका झाला — चित्र दिसतंय, माणसं तोंडं हलवताहेत, आवाज नाय. तो बिचारा रडकुंडीला आला, ‘काका, साउंडचा ड्रायव्हरच नाय.’ आणि मला इथं, छातीत, असं गार वाटलं. घरी गेलो आणि हिला म्हणलं, वत्सला, तुझा लॅपटॉप लय हळू चालतो, नवी सिस्टम टाकून आणतो. तिला एवढं बरं वाटलं की — शिरा केला, ताई. बदाम घालून. तेवढं जरा घशाखाली उतरलं नाय, खोटं कशाला बोलू.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी एवढं? एवढ्यासाठी नाय. सप्ताह हाय आमच्या गावाला, देवळा तालुक्यात. पुढच्या आठवड्यात. दरवर्षी शेवटच्या दिवशी मी म्हणतो, माझ्याच नावानं माईक लागतो. आणि हर्षालीच्या बहिणीच्या घरी बारसं होतं, तिथं बायकांनी हिला आग्रह केला, हिनं म्हणलं. मी? मी बाहेर पानवाल्याकडं होतो. त्याचा व्हिडिओ कुणी तरी काढला, तो फिरत फिरत गेला गावाला, माझ्या चुलतभावाला, कोंडाजीला. कोंडाजीचा मला फोन, गावाकडच्या अहिराणीत — ‘वहिनीना गळा काय गोड शे! यंदा वहिनीला म्हणू दे, तू पेटी धर.’ तू पेटी धर! मी! नाय, मी नाय पाहिला तो व्हिडिओ. आलाय मोबाइलवर, उघडला नाय. कशाला उघडायचा? आजकाल कॉम्प्युटरवर कुणाचाही आवाज गोड करता येतो, तुम्हालाच माहीत.

मग काय, मी म्हणलं, तिचा घसा बसलाय. तोंडातून गेलं आपसूक. डॉक्टरनं बोलायलासुद्धा मना केलंय म्हणलं. झालं! कोंडाजीच्या बायकोनं, चतुराबाईनं, एसटीत एका माणसाजवळ ज्येष्ठमध आणि मध पाठवला. वत्सला विचारती, ‘घसा कुणाचा बसलाय?’ काय सांगू? माझा म्हणलं. ताई, तेव्हापासून काढा पितोय मी. सकाळ-संध्याकाळ. कडू जहर. वर तिची सक्त ताकीद — घसा बरा होईस्तोवर गायचं नाय. शनिवारी मी देवळात नुसता टाळ वाजवत बसलो. आणि आपला —

हे काय वाजलं? टुंग झालं. ह्याच्यातून? पण तुम्ही नाय ना टाकला तो ड्रायव्हर? मग? आपोआप? कोणी सांगितलं होतं त्याला! सिस्टमच्या पोटातच असतो? पण अमोलचा — त्याची सिस्टम वेगळी? घ्या. आणि जो हवा तो, वाय-फायचा, तो नाय आला आपोआप. म्हणजे आपल्या नशिबासारखंच झालं. बरं, काढता येतो का? असं बघू नका ताई, विचारलं नुसतं. आता काय लावताय? दोन्ही स्पीकर तपासायला? तपासा बापडे. आला आवाज, मग धड तरी येऊ द्या.

हं.

वा. ही कोण? थांबा, बोलू नका — अहो, काय लावलंय हे! बघा, बघा कसं उचललं वर, आणि घाई नाय कुठं. शब्द कसा अल्लाद ठेवला. ताई, ह्याला म्हणतात गळा. मी म्हणतो तो हाच अभंग, पण मी तिथं नुसता जोर लावतो, आणि ही बाई — अशी कुणी आमच्या घरात असती तर मी कशाला आलो असतो तुमच्याकडं? पाया पडलो असतो तिच्या. कोण हाय ही, रेडिओवरची? लॅपटॉपकडं बोट कशाला दाखवताय? तुमच्याकडचंच हाय ना गाणं? मग कुणाकडचं?

कुकर वाजला. गाण्यात कुकर कसा?

‘अगं ए, आवाज कमी कर ना जरा!’ — हा कोण खेकसला मधीच? एवढं चांगलं चाललेलं... कोण हा मेला —

हा मी हाय.

दुपारी निजलेलो असणार, तेव्हा हिनं रेकॉर्ड केलंय. थांबली ती. ऐकलं? एकदम थांबली. पंखा तेवढा फिरतोय. आमचाच पंखा हाय तो, कुरकुरतो. बंद नका करू ताई, राहू द्या, राहू द्या... धरलं. परत धरलं बघा. जिथं तोडलं होतं तिथूनच, बारीक आवाजात, मला ऐकू जाऊ नये म्हणून. आणि तरी बघा सूर. सुताइतका हलला नाय.

मोठा करा. आणखी होतो का? करा. एक मिनिट, मी जरा फोन —

हॅलो, कोंडाजी? हां, सहादू. अरे, तुझ्या वहिनीचा घसा बरा झाला. आत्ताच. कुठला डॉक्टर? डॉक्टर नाय रे, ड्रायव्हर टाकला. ड्रायव्हर! गाडीचा नाय... ते तुला नाय कळणार. सप्त्याला तीच म्हणणार, माईकवाल्याला सांगून ठेव. नाय, तिला अजून माहीत नाय. तिला मी सांगतो, घरी गेल्यावर, तू मधी पडू नको. पेटी मीच धरणार, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाय मी. माझा आवाज असा का? काही नाय, काढा पितोय. बरं, ठेव आता. ठेव म्हणलं ना कोंडाजी, गाणं चालू हाय इथं.