राणीचा पत्ता

(नॉरीन गावच्या हॉलमधल्या फोनवर.)

नॉरीन : पडलास म्हणजे? घसरून?

क्लॅरी : पडलो नाही गं, झोपलोय. पोटावर. फूल बघायला माणूस झोपतो तसा. आता उठता येत नाहीये. गुडघा रुसलाय.

नॉरीन : मग येते की गाडी घेऊन. कुठे आहेस?

क्लॅरी : ते सांगता येणार नाही.

नॉरीन : अरे, बायको आहे मी तुझी!

क्लॅरी : म्हणूनच. इथे शेबाची राणी आहे, सगळ्यांत दुर्मिळ ऑर्किड. मागे गाढवकानी ऑर्किडांची जागा तुला सांगितली, तर दुसऱ्या दिवशी तिथे पर्यटकांची बस उभी! सगळी तुडवली.

नॉरीन : मी फक्त डलसीला सांगितलं होतं.

क्लॅरी : आणि बस कोण चालवतं?

नॉरीन : ...डलसी.

क्लॅरी : मग!

नॉरीन : आयुष्यभर या हॉलमध्ये प्रदर्शनातल्या रानफुलांच्या बरण्यांवर नावं चिकटवतेय मी. राणी एकदासुद्धा पाहिली नाही. आणि नवरा तिच्या पायाशी लोळतोय. बरं, जागा नको सांगू. नाकासमोर काय फुललंय, तेवढं तरी सांग.

क्लॅरी : कशाला?

नॉरीन : तुझाच वेळ जाईल.

क्लॅरी : हं... पहाडघंटा.

नॉरीन : पहाडघंटा डोंगरमाथ्यावर उगवते. तू हॉलच्या पायऱ्या चढताना मध्ये बसतोस.

क्लॅरी : बरं बाई, धूरझुडूप.

नॉरीन : म्हणजे पांढरी वाळू. आणि?

क्लॅरी : कांगारूपंजा. लाल-हिरवा. तो सगळीकडेच असतो, त्यावरून काही कळायचं नाही तुला... आई गं!

नॉरीन : काय झालं?

क्लॅरी : बुलडॉग मुंगी! विजारीत शिरली. आणि हाताला हे चिकट काय... दवबिंदूचं रोप.

नॉरीन : किडे खाणारं? त्याला ओल लागते. वाळूच्या कडेला ओल. अजून?

क्लॅरी : अजून काही नाही. एक आरम लिली आहे, बस.

नॉरीन : लिली? ती रानातली नव्हे, बागेतली. कुणीतरी उपटून फेकलेली. वाळू, ओल, फेकलेली लिली... क्लॅरी! तू गावच्या जुन्या उकिरड्यामागे आहेस!

क्लॅरी : ...छे.

नॉरीन : दरवर्षी थर्मास, सँडविच, घोंगडी घेऊन 'लांब रानात' जातोस ना रे? उकिरडा आपल्या परसातून दिसतो!

क्लॅरी : दिसतो म्हणूनच तिकडे कुणी बघत नाही. नॉरीन, एकटी ये. डलसी आहे का तिथे?

नॉरीन : लॅमिंग्टन केक कापतेय. विचारत होती, कुठे निघालीस.

क्लॅरी : काय सांगितलंस?

नॉरीन : तुला जुलाब झालेत म्हणून.

क्लॅरी : आता ते गावभर होईल!

नॉरीन : होऊ दे. तेवढाच तिच्या तोंडाला उद्योग.

(थोड्या वेळाने. उकिरड्यामागे.)

नॉरीन : कुठेय तुझी राणी?

क्लॅरी : उभ्याने नाही दिसायची. खाली ये. अजून. अजून.

नॉरीन : झोपले बाबा एकदाची. ही? ही तर मिटलेली आहे.

क्लॅरी : ढग आहेत ना. ऊन तापल्याशिवाय उघडत नाही ती. चल, आधी मला उठव.

नॉरीन : हो. ...क्लॅरी.

क्लॅरी : काय?

नॉरीन : माझी कंबर धरली.

क्लॅरी : वा! आणि ही घरघर कसली?

नॉरीन : रस्त्यावर बस आहे. डलसी पाहुण्यांना फिरवायला निघाली वाटतं.

क्लॅरी : मार हाक!

नॉरीन : काय?

क्लॅरी : हाक मार! मुंग्या मांडीपर्यंत आल्यात. राणी गेली खड्ड्यात!

नॉरीन : गप्प पड. डोकं खाली घाल, तुझं टक्कल चमकतंय.

क्लॅरी : अगं, माझा फोन मेलाय, आणि या रस्त्याला आज पुन्हा कुणी फिरकायचं नाही!

नॉरीन : शू! ...गेली. गेली बस.

क्लॅरी : छान. आता आपण काय करायचं?

नॉरीन : हळू बोल ना. ऊन आलंय. पाकळी हलतेय.