चिपमध्ये ठेवलेलं मानपत्र

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आमचे मोठे साहेब. प्रमुख पाहुणे, ज्यांची कंपनी रुग्णालयांसाठी औषधाचे पंप बनवते. जाहिरात विभागाच्या प्रमुख मॅडम. आजच्या सत्कारमूर्ती, आमच्या बाई. आणि केक कधी कापतात याची वाट बघत मागे ताटकळलेले माझे सहकारी बंधुभगिनी, सर्वांना नमस्कार.

घरून निघताना बायको म्हणाली, "दोन गोड शब्द बोल आणि खाली बस. आणि ते तोंड जरा सरळ कर, दूध नासेल." मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं. पण सभागृहाच्या दारातच तो केक दिसला. चिपच्या आकाराचा, हिरव्या क्रीमचा, वर साखरेच्या अक्षरांत आपलं घोषवाक्य, 'मूठभर विजेत आभाळभर आठवण'. मंडळी, मला किळस आली आहे. निरोपाच्या कार्यक्रमात असा शब्द वापरू नये हे मलाही कळतं, पण दुसरा सापडत नाही.

निमंत्रणपत्रिकेवर छापलंय की बाई 'प्रकृतीच्या कारणास्तव स्वेच्छेने' निवृत्त होत आहेत. प्रकृती? लिफ्ट बंद पडली की आपण सगळे खाली कुरकुरत उभे असतो आणि बाई चौथ्या मजल्यावर जाऊन कामाला लागलेल्या असतात. हसताय कशाला? खोटं आहे का? आणि स्वेच्छा म्हणाल तर ती होती खरी. फक्त बाईंची नव्हती.

पाहुण्यांसाठी थोडं सांगतो, कारण त्यांना आजवर कोणी सांगितलेलं नाही. मेमरी चिप म्हणजे कोट्यवधी इवल्याशा बादल्या, आणि सगळ्या गळक्या. भरलेली बादली म्हणजे एक, रिकामी म्हणजे शून्य. भरलेली पुरती गळून जायच्या आत ती पुन्हा भरावी लागते. त्याला आम्ही रिफ्रेश म्हणतो. हे भरणं अहोरात्र चालतं, यंत्र नुसतं पडून असलं तरी, आणि त्यात वीज जाते. बाईंनी काय केलं? कमी गळणाऱ्या ओळी आणि जास्त गळणाऱ्या ओळी वेगळ्या काढल्या. दणकट ओळींना उशिरा भरा, नाजूक ओळींना लवकर भरा, उकाडा वाढला की सगळ्यांनाच लवकर भरा, कारण उष्णतेत गळती वाढते. शिवाय त्या म्हणायच्या, "आज धडधाकट दिसणारी ओळ उद्या आजारी पडते रे, अधूनमधून नाडी बघत जा." भरण्यावर खर्च होणारी एक चतुर्थांश वीज वाचली. प्रामाणिकपणे वाचली. दुसरीकडे कुठे असं काम झालं असतं तर त्या माणसाला डोक्यावर घेतलं असतं.

आपल्याकडे काय झालं? मॅडमना 'निम्मी' हा शब्द हवा होता. खोक्यावर शोभून दिसतो म्हणे. मग बाईंचं वेळापत्रक ताणलं. सगळ्या ओळींना उशिरा भरायचं, नाडीबिडी बघायची नाही. चाचणी झाली, आणि काय चमत्कार! एकसुद्धा चूक नाही! साहेबांनी टाळ्या वाजवल्या, आम्हीही वाजवल्या, कारण साहेब वाजवत होते. एकट्या बाई हाताची घडी घालून उभ्या. त्यांनी विचारलं, "चिपमध्ये भरलं काय होतं?"

आम्ही नोंदी उघडून पाहिल्या. चाचणीचं यंत्र सुरू केलं की ते आधी सगळीकडे शून्य लिहून चिप पुसून घेतं. मग तिच्यात माहिती भरायची असते. ती भरायचीच राहिली होती! रिकाम्या बादल्या मांडून आम्ही बघत बसलो होतो, पाणी गळतंय का ते. तेही थंडगार प्रयोगशाळेत, स्वेटर घालून.

बाई म्हणाल्या, "अरे, रिकाम्या घरात चोरी झाली नाही म्हणून कुलूप चांगलं ठरतं का?"

आता हे बघा, चूक झाली याची मला किळस नाही. चुका होतात, मीही तिथेच टाळ्या पिटत होतो. पण चूक कळल्यावर काय केलं? चाचणी पुन्हा घ्यायची सोडून साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही फार नकारात्मक झाला आहात. विश्रांती घ्या." बाईंनी माल पास झाल्याची सही करायला नकार दिला, तर सहीची खुर्चीच त्यांच्या खालून काढली आणि तिच्यावर मला बसवलं. वर आज केक! माणसाला हाकलायचं आणि त्याच्याच नावाने गोडधोड खायचं. शी!

साहेब, घंटी वाजवू नका, मला नीट ऐकू येतं. मुद्द्यावरच येतोय.

या खुर्चीवरची पहिली सही मला आज संध्याकाळी पाच वाजता करायची आहे. सही झाली की खाली उभा असलेला ट्रक पाहुण्यांच्या कारखान्याकडे निघेल. न केली तर माझ्या निरोपाला केकसुद्धा मिळणार नाही, असं काल सकाळीच हसतहसत सांगण्यात आलंय. घरी हप्ते आहेत, लेकीची शाळा आहे, सासूबाईंचं औषधपाणी आहे. खोटं कशाला बोलू, नुसत्या संशयावर नोकरी घालवायला मन तयार होईना.

म्हणून काल दुपारी एक उद्योग केला. बाईंना भेट द्यायला या मालातली पहिली चिप काचेच्या चौकटीत बसवली आहे, ती बघा, टेबलावर. मी चौकटीचे स्क्रू काढले, चिप चाचणीला लावली, आणि समितीने मला वाचायला दिलेलं मानपत्र तिच्यात साठवलं. सगळी चिप त्याच मानपत्राच्या प्रतींनी गच्च भरली, एक कोपरा मोकळा ठेवला नाही. वेळापत्रक साहेबांचंच. चाचणीचं खोकं तापवलं, पाहुण्यांचा चालू पंप आतून जेवढा तापतो तेवढंच. मी चहा पिऊन आलो आणि मानपत्र परत वाचून छापून घेतलं. त्यातली पहिलीच प्रत हातात आहे. जिथे अक्षरं पुसली गेली आहेत तिथे मी थांबेन.

"आदरणीय… यांस. आपण या संस्थेत… वर्षे अखंड… केलीत. श्रीमती… यांच्या कामामुळे संस्थेची… उंचावली. आम्ही सारे आपले… आहोत. श्रीमती… यांना पुढील आयुष्य… जावो."

बाईंचं नाव तीनदा घातलं होतं. तिन्ही जागा कोऱ्या आल्या.

का हो, आता टाळ्या नाहीत? पाहुणे, तुमच्या पंपात या जागी बाईंचं नाव नसेल. कोणाच्या तरी आईला मिनिटाला औषधाचे किती थेंब सोडायचे, तो आकडा असेल. तुम्ही पाणी पिऊन घ्या, चेहरा उतरलाय तुमचा.

बाई, मानपत्राबद्दल माफ करा, धड एकही वाक्य तुमच्या वाट्याला आलं नाही. मी घरी जाऊन ते हाताने लिहून काढीन आणि उद्या तुमच्याकडे आणून देईन. उद्या मला सुट्टीच असेल, कारण पाच वाजता मी सही करणार नाही. आणि डोळे पुसा बघू, तुम्हाला शोभत नाही ते.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, माइक बंद केला नाही, त्याबद्दल आभार. चहावाल्यांचे आभार. केक ज्यांना जाईल त्यांनी खुशाल खावा. माझ्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, कोणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर मोठ्या मनाने विसरून जा. चिपचं मात्र काही विसरू नका. ती विसरते, तेवढं पुरे आहे.