मागच्या सीटवरचा नकाशा

दुकान नारायण पेठेतलंच होतं का, याची आता मला खात्री देता येत नाही. दुकानदाराची उत्तरं मात्र तिथलीच वाटतात. मोटारसायकलने दिवेआगरला जायचं ठरत होतं आणि बायकोने, सुमनने, बजावलं होतं, "वाटेत एकदा जरी थांबून रस्ता विचारलात, तर मी तिथूनच एसटीने परत येईन."

मी दुकानदाराला विचारलं, "जीपीएसचं यंत्र घ्यावं, की मोबाइलवरचं ॲप पुरेल?"

"ॲप पुरेल."

"पण ते चुकलं तर?"

"मग यंत्र घ्या."

"आणि यंत्र चुकलं तर?"

"काका, तुम्ही घरीच थांबा."

शेवटी ॲपच घेतलं. हेल्मेटमुळे मला त्याचं बोलणं ऐकू येईना, म्हणून फोन मागे सुमनच्या हातात दिला. ती "डावीकडे", "आता सरळ" असं ओरडून सांगत गेली आणि आम्ही कुणालाही न विचारता पोचलो. पुढे कित्येक वर्षं मी लोकांना त्या ॲपची शिफारस करत होतो.

परवा अशीच शिफारस करण्याआधी सुमनकडून खात्री करून घेतली. फोन मुळशीलाच बंद पडला होता. ती पाट्या वाचत होती.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"अहो, मी सांगेन तिकडे तुम्ही पहिल्यांदाच मुकाट्याने वळत होतात."